घोरपड फक्त चढते

दापोडीपासून तळेगावपर्यंत माझ्यासारखा फिटर नाही, हे मी आधीच सांगून टाकतो. पुढची हकीकत वाचून तुमचा समज वेगळा होईल, म्हणून आधी.

रस्त्याच्या खात्याचं मला पत्र आलंय. त्यात एकच प्रश्न आहे: "सदर यंत्रास खाली येण्याची सोय का नव्हती, याचा लेखी खुलासा तीन दिवसांत करावा."

आज तिसरा दिवस. चार कागद फाडून झालेत. डोकं असं तापलंय की वर तवा ठेवला तर भाकरी होईल.

खुलासा, मसुदा पहिला.
"माननीय साहेब, सदर यंत्रास खाली येण्याची सोय होती..."

फाडला. सोय होती हे खरं आहे. पण ते सांगायचं तर माझ्या सासऱ्यांचे गुडघे सांगावे लागतात, आणि गुडघे सांगायचे तर आमची खोली सांगावी लागते. आधी खोलीच सांगतो.

दापोडीत आमची एक खोली आहे. दहा बाय दहा. तीत एक चूल, एक खाट, मी आणि माझी बायको कौशल्या. खाट माझी आहे. वर्कशॉपातली पाळी करून आल्यावर मी तिच्यावर आडवा होतो, तेवढंच माझं राज्य.

माझे सासरे सोनबा मुंबई-पुणे रस्त्यावरच्या झाडांच्या टोळीत होते. वडाच्या फांद्या उतरवायच्या, वठलेली खोडं पाडायची. तीस वर्षं अनवाणी झाडावर चढले. आता गुडघे गेले. ही गोष्ट ते, त्यांची मुलगी आणि मी, एवढ्यांनाच ठाऊक. टोळीत ते बुंध्याशी बसून कोयत्यांना धार लावायचे आणि "वरचं काम पोरांनी करावं" म्हणायचे.

तेवढ्यात उद्धवराव नावाचे नवे ओव्हरसियर आले. त्यांनी हुकूम काढला: सोमवारी प्रत्येकाने साहेबांसमोर झाडावर चढून दाखवायचं. चढता येत नाही त्याला घरी बसवणार, खात्याची खोली काढून घेणार.

सोनबांचं गावाकडचं घर भावकीत गेलेलं. मुलगा नाही. मुलगी एकच, ती माझी बायको. म्हणजे सोनबा घरी बसणार ते कोणाच्या घरी? हिशेब तुम्हीच करा. मी केला आणि त्याच दिवशी लोखंड कापायला घेतलं.

यंत्र असं होतं. झाडाच्या फांदीला दोर पक्का बांधायचा. दोरावर लोखंडी जबडा. जबड्याखाली बसायला एक लाकडी पाट. पाटावर बसून हातांनी दोर ओढला की जबडा वर सरकतो, आणि सोडला की अंगाच्या वजनाने दोराला असा चावतो की खाली येतच नाही. मी त्याला नाव दिलं घोरपड. घोरपडीने एकदा धरलं की ती सोडत नाही, हे लहानपणापासून ऐकलेलं. नाव ठेवताना मला त्याचा फार अभिमान वाटला होता.

"आबांना वर चढवायला करताय?" कौशल्याने विचारलं.

"हो."

"का ते इकडे राहायला येऊ नयेत म्हणून?"

"दोन्ही एकच झालं ना."

तिने माझ्याकडे असं पाहिलं की हातातली कानस बोथट झाली. पण स्वयंपाकाचा पाट तिनेच काढून दिला. "माझ्या आईने दिलेला आहे. परत आणा," एवढं बजावून.

मसुदा दुसरा.
"साहेब, यंत्राची चाचणी मी स्वतः वर्कशॉपच्या तुळईला दोर बांधून सात वेळा घेतली होती. सातही वेळा मी खाली आलो..."

हेही खरं. खाली यायला काय लागतं? पाटाखाली, जबड्याला नाही तर थेट दोराला अडकणारी, एक रिकीब होती, घोड्याच्या खोगिराला असते तशी. तीत पाय घालायचे, गुडघे ताठ करून उभं राहायचं, जबड्यावरचं वजन सुटलं की त्याची जीभ, म्हणजे खटका, दाबायची. सर्रकन खाली. मी अठ्ठावीस वर्षांचा आहे. मला गुडघे आहेत हे माझ्या लक्षातही आलं नाही.

फाडला.

सोमवारी आकुर्डीच्या अलीकडे, रस्त्याकडेच्या मोठ्या वडाखाली टोळी जमली. रस्ता रुंद करायचा म्हणून झाडाच्या बुंध्यावर तांबडी फुली मारलेली. ते आठवड्याने पडणारच होतं. टोळीतल्या बबनरावांनी वर चढून फांदीला दोर बांधून दिला.

"हे काय आहे?" उद्धवराव म्हणाले.

"घोरपड, साहेब."

"चावते का?"

"दोराला चावते. माणूस बसल्या बसल्या झाडावर जातो. गुडघ्यांचं कामच नाही."

"गुडघ्यांचं काय म्हणालात?"

"काही नाही. सहज."

मामा पाटावर बसले. सासऱ्यांना मी मामा म्हणतो. ते मला जावईबापू म्हणतात, आणि कितीही संतापले तरी अहोजाहो सोडत नाहीत. जावयाला चारचौघांत बोलायचं नाही, ही त्यांची रीत. ही रीत लक्षात ठेवा, कारण त्या दिवशी ती फार ताणली गेली.

हात मात्र अजून पोलादाचे. पाच-सात हिसक्यांत मामा दोन पुरुष उंच गेले. कोयत्याने एक डहाळी उतरवली. टोळी थक्क. उद्धवराव म्हणाले, "वा. जमतंय की. या आता खाली," आणि विडी पेटवायला लॉरीच्या आडोशाला गेले.

मामा खाली बघू लागले.

"जावईबापू."

"काय मामा?"

"उतरायचं कसं?"

"रिकिबीत पाय घाला. उभे राहा. जीभ दाबा."

"उभं ऱ्हायचं?"

"हो."

"कशावर?"

"पायांवर."

मामा दात दाबून म्हणाले, "आवं जावईबापू, पाय धड असतं तर मी तुमच्या पाटावर बसलो असतो व्हय?"

"हातांनी अंग उचला मग."

"त्याला दोन्ही हात लागत्यात. जीभ कशानं दाबू? माज्या जिभंनं?"

वर पाट गरागरा फिरत होता, त्यामुळे मामांचा संताप मला तुकड्यातुकड्यांत ऐकू येत होता. तोंड माझ्याकडे आलं की "...या यंत्राला आग लागो..." मग पाठ. मग पुन्हा तोंड. "...ज्यानं घडवलं त्याचं हात..." मग आठवण झाल्यासारखं, "...तुमचं न्हवं, जावईबापू..." पुन्हा पाठ.

विडी संपवून उद्धवराव परत आले.

"हा उतरत का नाही?"

मसुदा तिसरा.
"साहेब, त्या वेळी मी आपणास जे सांगितले..."

हा तर मी फाडून चुलीत घातला.

तुम्ही माझ्या जागी असता तर काय सांगितलं असतं? गुडघे? गुडघे म्हटलं की नोकरी गेली, खोली गेली आणि माझी खाट गेली. माझी नजर बुंध्यावरच्या फुलीवर पडली आणि तोंडातून निघून गेलं, "साहेब, ते उतरायला तयार नाहीत."

"का?"

"हे झाड तोडणार म्हणून."

उद्धवरावांची विडी विझलेली होती, ती पुन्हा पेटल्यासारखी वाटली. "तीस वर्षं झाडं तोडली आणि आज पुळका?" मग वर बघून ओरडले, "ए सोनबा, उतर, नाहीतर घरी बसवीन."

मामांनी माझ्याकडे पाहिलं. मी डोळ्यांनी झाड दाखवलं, फुली दाखवली, हात जोडले. त्यांना काय समजलं कोण जाणे. उतरता तर येत नव्हतंच. ते ओरडले, "न्हाई उतरत."

एवढ्यात रस्त्याने सोजराबाई चालली होती. आकुर्डीची म्हातारी, डोक्यावर गवताचा भारा. तिने तेवढंच ऐकलं. भारा खाली टाकला आणि गावाकडे तोंड करून हाळी दिली, "आगं बायांनो, आपल्या वडासाठी मानूस टांगून घेतलाय गं."

ते वटपौर्णिमेचं झाड होतं. गावातली प्रत्येक बाई वर्षातून एकदा त्याला सूत गुंडाळायची. अर्ध्या तासात पन्नास बायका आल्या. हातात सुताच्या गुंड्या. वटपौर्णिमा नव्हती, पण त्यांना कोण सांगणार? बुंध्याभोवती आणि पारंब्यांभोवती फेऱ्या सुरू झाल्या, आणि मामा त्या सुताच्या आत.

"बायांनो, मला कशाला बांधताय?" मामा वरून.

"तुमाला न्हाई बाबा, झाडाला."

"आगं, ह्या रस्त्यावरचं निम्मं वड म्याच तोडल्यात."

"बघा, चूक उमगली म्हाताऱ्याला," सोजराबाई म्हणाली आणि पदराने डोळे पुसले.

बबनराव दुसरा दोर घेऊन वर चढायला निघाले, तर चार बायका आडव्या. "सूत वलांडायचं न्हाई." मी पुढे झालो. "मी जावई आहे त्यांचा." तर म्हणे, "मग तर तुमी बिलकूल न्हाई. सासरा झाडासाठी जीव टांगतोय आन तुमी त्याला उतरवताय? लाज वाटू द्या."

मला लाज. ज्याने घोरपड बनवली त्याला. हे ज्या बाईने म्हटलं तिला मी अजून ओळखतो.

तोवर रस्ता तुंबला. मुंबईकडच्या लॉऱ्या इकडे, पुण्याकडच्या तिकडे. कोणीतरी "सोनबाबाबा की" म्हणालं आणि ड्रायव्हरसुद्धा "जय" म्हणाले. त्या गर्दीत एक काळी मोटार अडकली, आणि ती नेमकी उद्धवरावांच्या वरच्या साहेबांची. ते खाली उतरलेसुद्धा नाहीत. काचेतून म्हणाले, "उद्धवराव, झाड राहू द्या. रस्ता मोकळा करा."

टाळ्या. झाड वाचलं. उद्धवराव दात-ओठ खात म्हणाले, "झालं ना समाधान? उतर आता."

मामा उतरले नाहीत.

"आता काय राहिलं?"

मामांनी माझ्याकडे पाहिलं. माझी अक्कल संपली होती. त्यांची नव्हती. "लेखी पायजे," ते म्हणाले.

उद्धवरावांनी लॉरीच्या बॉनेटवर कागद ठेवून लिहून दिलं. बबनरावांनी मोठ्याने वाचलं. पुन्हा टाळ्या. मामा तिथेच.

"अरे, आता का नाही उतरत?"

"सही दिसंना हितनं."

आता उन्हं कलली होती. पाट आपला फिरतच होता. तोंड, पाठ, तोंड, पाठ. शिव्या संपल्या होत्या. मामांचा चेहरा पांढरा पडत चालला होता, आणि मला पहिल्यांदा खाटेचा विसर पडला.

सोजराबाई मघापासून मान वर करून बघत होती. ती फेऱ्या सोडून दोराखाली येऊन उभी राहिली. म्हणाली, आणि अगदी मायेने म्हणाली, पण पन्नास बायका, टोळी आणि ओव्हरसियर यांना ऐकू जाईल एवढ्या आवाजात:

"बाबा, तुमाला उतरायचंय, पर येत न्हाई. गुडघं गेल्यात व्हय?"

फेऱ्या घालणाऱ्या बायका जागच्या जागी थांबल्या.

मामा तीस वर्षांत कोणापुढे वाकले नव्हते. पाट फिरून त्यांचं तोंड आमच्याकडे आलं. "व्हय माय," ते म्हणाले. "कवाच गेल्यात."

"मग आदी न्हाई का सांगायचं? कडब्याची गाडी आना रं कुनी."

कडब्याची गाडी. शिगोशीग भरलेली. ती सूत बाजूला सारून दोराखाली उभी केली. मामा कडब्यावर टेकले, जबड्यावरचं वजन गेलं, त्यांनी जीभ दाबली आणि घोरपडीने खट् करून दोर सोडला. दापोडीच्या फिटरला जे सुचलं नाही ते आकुर्डीच्या म्हातारीला एका वाक्यात सुचलं. मी अजून तिच्यावर रागावलेलो आहे.

मामा कडब्यावरून घसरत खाली आले. मी हात दिला. त्यांनी तो घेतला, उभे राहिले आणि माझ्या कानाशी अगदी हळू म्हणाले, "जावईबापू, तुमी माजं जावई नसता ना..." पुढचं वाक्य त्यांनी आजवर पुरं केलेलं नाही. मी रोज वाट बघतो.

उद्धवरावांनी वहीत काहीतरी लिहिलं. काय लिहिलं ते शनिवारी कळलं. सोनबा, वय साठ, चढण्यास अपात्र. खोली आठ दिवसांत रिकामी करावी.

मसुदा चौथा.
"साहेब, सोय होती. पण ती धड गुडघ्यांच्या माणसासाठी होती, आणि धड गुडघ्यांच्या माणसाला यंत्र लागतच नाही, हे माझ्या ध्यानात आले नाही. कळावे. अर्जुनराव, फिटर."

हा बरा झाला म्हणून मामांना वाचून दाखवला. हो, ते इथेच आहेत. खाटेवर.

"खरं लिवलंय," ते म्हणाले. "फाडा."

फाडला.

आता पाटाचं सांगतो, म्हणजे सगळं सांगून होईल. मामा कडब्यावर उतरल्यावर घोरपडीने पुन्हा दोर धरला, पाटासकट. बायकांनी आता कडब्याच्या गाडीवर चढून त्या पाटाला हळदकुंकू लावलंय आणि बुंध्याला नवं सूत. ते ओलांडून पाट काढायला गेलो तर सोजराबाईने मला गवताच्या भाऱ्याने हाणलं.

कौशल्या रोज विचारते, "पाट कुठाय?" मामांना जमिनीवर बसता येत नाही, निदान पाट तरी हवा. पाट नाही म्हणून मामा खाटेवर. मामा खाटेवर म्हणून मी खाली, फरशीवर. हा पाचवा मसुदा इथेच बसून लिहितोय. फरशी गार आहे आणि मघापासून उठायचा प्रयत्न करतोय.

गुडघा धरलाय.