हात पोचतो का?

किसनराव साळवे कुठल्याही गाडीत बसण्याआधी तिला हुंगायचे. एसटी असो की वऱ्हाडाचा ट्रक. दारात थांबायचं, डोळे मिटायचे, नाक आत घालायचं आणि मगच पाय ठेवायचा. मागचे प्रवासी ओरडायचे, "ओ बाबा, चढा की! कालवण शिजून राह्यलं का आत?" किसनराव ढिम्म.

आष्टीचा हा माणूस बरीच वर्षं आसामकडे मालवाहू विमानांवर होता. विमान चालवायला नव्हे. माल चढवायचा, बांधायचा आणि त्याच्यासोबत उडायचं. मालही कसला, तर ॲसिडच्या बरण्या, गॅसची नळकांडी, कीटकनाशकं. नोकरी संपल्यावर ते जालन्याला माझ्या शेजारच्या खोलीत राहायला आले, आणि मीच त्यांना आमच्या बियाण्याच्या कारखान्यात गाड्या भरण्याच्या कामावर लावलं. ते चांगलं केलं की वाईट, हे मला अजून ठरवता आलेलं नाही.

"हात पोचतो का?" हा त्यांचा ठरलेला प्रश्न. पहिल्यांदा चहाला आले तेव्हा आमचा रॉकेलचा डबा त्यांना ज्वारीच्या कोठीमागे दिसला.

"वहिनी, हा गळला तर हात पोचतो का?"

"पोरांचा पोचू नये म्हणूनच तिथं ठेवलाय," बायको म्हणाली.

किसनरावांनी डबा उचलून दाराशी आणून ठेवला. ते गेल्यावर बायकोनं तो परत कोठीमागे नेला. मला दोघांचंही पटलं. माझं हे नेहमीचंच आहे.

कारखान्यातून बियाण्यासोबत कीटकनाशकाचे डबेही जायचे. वाटेत चोरी होऊ नये म्हणून ते सगळ्यात आत, चालकाच्या पाठीला टेकवून ठेवायचे आणि पुढे पोती रचायची, अशी आमच्याकडची रीत. किसनराव ती पोती उतरवायला लावायचे आणि डबे मागच्या फळीशी आणायचे.

"चाचा, ये हवाईजहाज न्हाई, टेंपो हाय!" आमचा चालक रशीद कपाळाला हात लावायचा. "वास आला तर खिडकी उघडीन की."

"उघड बरं."

रशीदनं जोर लावला. काच अडकली होती. कधीपासून, ते त्यालाही आठवेना.

एकदा पेरणीच्या तोंडावर घनसावंगीचे दुकानदार बियाण्यासाठी खोळंबले होते. भरलेली, बांधलेली गाडी किसनरावांनी फाटकातून परत फिरवली. वास येतोय म्हणाले. सगळी पोती उतरली. डबे कोरडे ठणठणीत. वास रशीदच्या जेवणातल्या लसणाच्या चटणीचा निघाला.

किसनराव मात्र खूश. "काही न्हाई ना? बस. तेच पाहून राह्यलो होतो."

मालकांनी मला आत बोलावलं. "उद्यापासून हा माणूस कामावर दिसता कामा नये. तुम्हीच आणलात, तुम्हीच सांगा."

संध्याकाळी त्यांच्या खोलीवर गेलो. ते भाकरी थापत होते. विमानात घडलेलं काही भयंकर ऐकायला मिळालं, तर मालकांची समजूत घालता येईल, असा माझा विचार होता.

"किसनराव, खरं सांगा. तुमच्या विमानाला कधी अपघात झाला होता का?"

"न्हाई बा. एकदाबी न्हाई."

माझी पंचाईतच झाली. "मग एवढं सगळं कशापायी?"

त्यांनी भाकरी उलटली. "पुढं चालवणारे बसायचे, साहेब. वर काय खिडकी उघडून बसता येतं? मागं बरणी गळली तर वास त्यायच्यापर्यंत जायच्या आत माझा हात तिथं पायजे. एक-दोनदा गळली, तर वाळू टाकून निस्तरली. खाली उतरलो की ते हसत-बोलत घरी जायचे. मी तिथंच बसून पाहायचो. माझी वाट पाहणारं कोणी न्हवतं, पण त्यायची पाहत होते ना."

मी सांगायला सुरुवात केली. "किसनराव, उद्यापासून…"

"उद्या मी लवकरच येतो. रशीदच्या बायकोचे दिवस भरत आले. त्याची गाडी पहिली काढू, म्हंजे बिचारा जल्दी घरी जाईल."

त्यांनी माझ्यापुढे ताट सरकवलं. मी जेवलो आणि घरी आलो.

सकाळी मालकांनी विचारलं, "सांगितलं का त्याला?"

"बोललो," मी म्हणालो. ते खोटं नव्हतं. खरंही नव्हतं.

मग बाहेर येऊन मी टेंपोच्या ताडपत्रीचं एक टोक दोन्ही हातांनी उंच धरलं आणि मालकांच्या खिडकीच्या बाजूला आडोसा करून उभा राहिलो. असं किती दिवस चालणार, याचा मला काहीच अंदाज नव्हता. खांदे भरून आले होते. ताडपत्रीच्या आत किसनराव रशीदला विचारत होते, दवाखान्यात न्यायला कोणी बाईमाणूस आहे का घरी.