डाव ओळखा, खोली घ्या

माणसाने जन्मात एक तरी गोष्ट छातीठोकपणे सांगावी, असं मला फार दिवस वाटत होतं. म्हणून लग्नानंतर तिसऱ्या महिन्यात मी बायकोला सांगून टाकलं, "पत्त्यांत हात करण्याचा कुठलाही डाव असो, मी नुसता बघून ओळखतो."

एरवी मी चारचौघांत तोंड उघडत नाही. (तहान लागली तरी खुणेने पाणी मागतो.) आठवीत शाळा सुटली, तेव्हापासून नटबोल्टच्या दुकानात आहे. तिथे दिवसभर आटे बघून बोल्ट ओळखायचे. पत्त्यांचंही तसंच असतं. पानं किती वाटली, हुकूम कधी ठरला, हात करायचे की टाळायचे, एवढं नीट बघितलं की डावाचं नाव सांगता येतं. मी त्याची वहीसुद्धा केली होती. (दुकानाच्या स्क्रूच्या वहीची मागची पानं. मालकांना माहीत नाही.)

बायकोने ही गोष्ट तिच्या मामांना सांगितली आणि तिथून प्रकरण वाढलं.

मामांच्या माडीवर एक रिकामी खोली होती. आम्ही दोघं तेव्हा आईवडील, दोन भाऊ आणि एक शिलाई मशीन यांच्यासह एका खोलीत राहत होतो. बायकोशी दोन शब्द बोलायचे तर जिन्यात जावं लागे, आणि तिथेही खालचे आजोबा हवा खायला बसलेले असत. मामा म्हणाले, "जावईबापूंनी आमचा डाव ओळखला, तर खोली त्यांची!"

त्या घराची एक रीत होती. पत्ते खेळताना बोलायचं नाही, डावाचं नाव तर मुळीच काढायचं नाही, आणि जिंकलं तरी मिरवायचं नाही. नव्या माणसाने बघून डाव ओळखायचा आणि मगच पानं हातात घ्यायची. मामांच्या वडिलांनी घालून दिलेली शिस्त. ते गेले, शिस्त राहिली.

"मेंढीकोट म्हणा," निघताना बायकोने बजावलं. "मामा लहानपणापासून मेंढीकोटच खेळतात. मेंढीकोट म्हणा आणि किल्ली घ्या."

"मी कॉपी करणार नाही."

"अहो, शाळा सुटली ना तुमची?"

"शाळा सुटली. सवय नाही सुटली." (हे वाक्य मला नंतर फार महागात पडलं.)

रविवारी दुपारी सतरंजीवर चौघं बसले. मामा, त्यांच्या समोर त्यांची आई म्हणजे बायकोच्या आजी, एका बाजूला मामी आणि दुसऱ्या बाजूला तळमजल्यावरचे शिंपीकाका. प्रत्येकाला तेरा पानं. मी वही उघडली.

मामांनी पहिलीच दश्शी पकडली आणि मांडीवर थाप मारली. मी लिहिलं, 'दश्शीला मान. मेंढीकोट.' पेन खिशात ठेवणार तोच मामींनी इस्पिकची राणी मामांच्या हातात ढकलली आणि पदर तोंडाला लावून हसल्या. राणी दुसऱ्याच्या गळ्यात बांधायची, हा तर काळी राणीचा नियम! पुढच्या हातात मामींचा राजा सगळ्यात मोठा होता. मामांनी किलवरची तिर्री टाकून तो कापला. मामींच्या डावात हुकूमच नसतो, म्हणजे हात त्यांचाच. पण त्यांना हात नकोच होता. त्यांनी तो आनंदाने मामांकडे सरकवला.

आजी तर पानं उचलल्याबरोबर चार बोटं मिटून बसल्या होत्या. एक हात झाला की एक बोट उघडायच्या. चौथं बोट उघडलं, तशा त्या मोठमोठी पानं उगाच फेकू लागल्या. आधी हात बोलायचे आणि तेवढेच करायचे. हे जजमेंट.

डाव संपला. चौघांनीही समाधानाने पानं गोळा केली. तेव्हा माझ्या लक्षात आलं की या घरात हरलेला माणूस कधी कुणी पाहिलाच नसणार.

"बोला जावईबापू. ओळखला?"

बायको दारातून ओठांनी 'मेंढीकोट, मेंढीकोट' करत होती. पण आटे जुळत नसताना बोल्ट पिळणं माझ्या स्वभावात नाही.

"ओळखले," मी म्हणालो. "तीन आहेत."

"काय तीन?"

"डाव. तुम्ही मेंढीकोट खेळताय, मामी काळी राणी, आणि आजींचं जजमेंट चाललंय."

"आणि माझं?" शिंपीकाकांनी विचारलं.

"तुमचं काही कळलं नाही."

"मलाही नाही. मी शेजारचं बघून टाकतो. चहा बरा असतो यांच्याकडे."

मामा गडगडून हसले. "सांग गं यांना. मेंढीकोट ना?"

"कसला मेंढीकोट?" मामी म्हणाल्या. "बावीस वर्षं तुमच्या गळ्यात राणी बांधतेय आणि तुम्ही हसत घेताय. मला वाटायचं, माझ्यासाठी मुद्दाम हरताय."

"हरतोय? अगं, बावीस वर्षं मी जिंकतोय!"

"गप्प बसा दोघं," आजी म्हणाल्या. "जिंकते मी."

"आई, तू माझी भिडू आहेस!"

"मी कुणाची भिडू नाही. जजमेंटात भिडू नसतो."

मामी मात्र आपलाच मुद्दा धरून होत्या. "म्हणजे माझ्यासाठी तुम्ही एकदाही हरला नाहीत?"

नवऱ्याने काय बोलू नये, हे तीन महिन्यांच्या अनुभवावर मलाही कळत होतं. मामांना बावीस वर्षांत कळलं नव्हतं.

"मी कशाला हरेन?" ते म्हणाले.

मामी उठल्या, आत गेल्या आणि मामांची गादी गुंडाळून बाहेर घेऊन आल्या. "माडीवर जा. तुमचं कपाटही न्या. तिथे एकटेच जिंकत बसा."

शिंपीकाकांची कंबर धरली होती, आणि मामांना दम लागतो. कपाट उचलायला उरलो मी. वर पोचल्यावर मामांनी माझ्या खांद्यावर हात ठेवला.

"ओळखलंत मात्र बरोबर हो."

परत येताना बायको अर्ध्या वाटेपर्यंत माझ्या चार पावलं पुढे चालली. मग म्हणाली, "निदान खोली तरी कशी आहे?"

"छान आहे," मी म्हणालो. "दोन खिडक्या, भरपूर उजेड. कपाट आधी दाराशी अडचण करत होतं, पण मी ते कोपऱ्यात अगदी चपखल बसवून दिलंय. आता मामांना तिथून हलायची गरजच पडणार नाही."