दोन पालथ्या वाट्या आणि डोनटचे गोळे

माणूस ओळखण्यात माझा हात कुणी धरणार नाही, हे आधीच सांगून टाकते. एकतीस वर्षं पालमला चौथीचा वर्ग सांभाळला. गृहपाठ कुणी स्वतः केलाय आणि कुणी थोरल्या बहिणीकडून करून घेतलाय, हे मी वही उघडायच्या आधी पोराच्या चालीवरून सांगायची. निवृत्त झाले तरी खोड गेलेली नाही. गल्लीतल्या प्रत्येकाचं एकेक पान माझ्या डोक्यात आहे. कोण काय बोललं, कुणासमोर बोललं, कुणाच्या माघारी फिरवलं, सगळं तारीखवार! तेव्हा सुनेच्या डोहाळजेवणात कोण काय करणार, हे मला आठ दिवस आधीच पाठ होतं.

माझ्या सासूबाई झुंबरबाई. वय ऐंशीच्या अलीकडे-पलीकडे. एका डोळ्याचा मोतीबिंदू काढलेला, दुसरा पिकायची वाट बघत बसलेला. आमच्या घरी डोहाळजेवणाला दोन वाट्या पालथ्या मांडतात. एकीखाली पेढा, एकीखाली बर्फी. गर्भारशीनं एक वाटी उचलायची. पेढा निघाला तर मुलगा, बर्फी निघाली तर मुलगी. बाकीच्या घरांत यावर दोन मिनिटं हसतात आणि जेवायला बसतात. आमच्याकडे तो निकाल असतो! निकालानंतर ताट बदलतं. पेढावालीला तुपाची वाटी वेगळी. बर्फीवालीचं तूप वाटीतून चमच्यावर येतं आणि चमच्यावरून नुसतं बोलण्यात उरतं. पेढावालीनं हंडा उचलला की, "अगं बाई, ठेव, ठेव!" बर्फीवालीनं उचलला की, "येताना दुसरा बी घेऊन ये." माझी धाकटी जाऊ मनकर्णा बर्फी उचलून बसली आणि पुढचे दोन महिने बोअरवरून पाणी आणत होती.

तुम्ही म्हणाल, एवढ्या शिकलेल्या बाई तुम्ही, ऐकून कसं घेता? कारण तुपाच्या कपाटाची किल्ली सासूबाईंच्या कमरेला आहे. बाकीचं शिक्षण त्या कपाटापर्यंत पोचत नाही.

आता माझी सून शिवकन्या. देवगाव फाट्याच्या अलीकडची पोर, काडीसारखी. डॉक्टरीणबाईंनी कागदावर लिहून दिलं होतं : रक्त कमी, चांगलं खाणं, पूर्ण आराम, ओझं अजिबात नाही. पहिलं बाळंतपण म्हणजे माहेरी जायचं, पण तिचे आईवडील ऊसतोडीला कारखान्यावर गेलेले. फडावरच्या पाचटाच्या कोपीत बाळंतीण कुठे ठेवणार? म्हणजे पुढचे दोन महिने तिला याच घरात, याच कपाटासमोर काढायचे होते.

एका दुपारी भाजी निवडताना ती हळूच म्हणाली, "आई, मला ती वाटी उचलायची न्हाई."

"कामून गं?"

"मनकर्णाकाकूंनी सांगितलं मला. बर्फी निघाली तर?"

पानं टाकून ती देठंच ताटलीत गोळा करत होती. मी म्हटलं, "निघणारच नाही. तू निवांत राहा. मी बघते."

माझी योजना साधी होती. दोन्ही वाट्यांखाली पेढे! कुठलीही उचल, तूप चालूच. दोन महिन्यांनी मुलगी झाली तर झाली. जन्मलेल्या पोरीला काय परत पाठवणार आहेत? एवढी सरळ तोड आजवर या घरात कुणाला सुचली नव्हती, याचं मला फार समाधान वाटत होतं.

राहिले डोहाळे. कुणाला चिंच लागते, कुणाला भाजकी माती. आमच्या शिवकन्येला मोबाइलवर बघून डोनटचे गोळे लागले. डोनट म्हणजे साखरेचा मेदूवडा समजा. त्याच्या मधलं भोक पाडताना जो गोळा निघतो, तो वेगळा भाजून, वर साखरेचा पातळ लेप देऊन खातात. हे मी सासूबाईंना समजावून सांगितलं.

"अन् वडा?" त्यांनी विचारलं.

"तो दुसरं कुणीतरी खातं."

"मग हिला दुसऱ्याच्या वड्याच्या भोकातलं कामून खायचंय? आपल्या घरी वड्याला काय तोटा हाय?"

पण डोहाळे पुरवले नाहीत तर बाळाचा कान फुटतो, हा नियमही त्यांचाच होता. त्यामुळे परवानगी मिळाली. माझा मुलगा गोपाळ परभणीला नोकरीला रोज एसटीनं जातो-येतो. त्याला मैदा, लोणी आणि यीस्ट आणायला सांगितलं. यीस्ट म्हणजे खमीर. चिमूटभर पुडी, राईसारखे दाणे. मोबाइलमधली बाई म्हणत होती, अर्धा चमचा घाला. अर्ध्या चमच्यानं काय होणार? मी अख्खी पुडी घातली. थंडीचे दिवस म्हणून पातेलं चुलीच्या उबेला ठेवलं आणि ओटीचे खण मोजायला बसले.

तासाभरानं सासूबाईंची हाक आली, "माधवे! तुझं पीठ भायेर निघालंय!"

निघालं होतं! झाकण डोक्यावर घेऊन, बाजार समितीच्या निवडणुकीत निवडून आल्यासारखं! निम्मं चुलीच्या कडेवर बसलं होतं, निम्मं खाली उतरायच्या विचारात होतं. सासूबाईंनी त्याला लांबूनच हळदकुंकू वाहिलं.

उरलेल्याचे गोळे केले. घरात ओव्हन नाही, पण आप्पेपात्र आहे. आप्पेपात्राइतकं गोल तर परदेशातही काही निघत नसेल. खळग्यांना लोणी लावलं, गोळे ठेवले, वर जड झाकण, खाली मंद आच. पहिला घाणा वरून तांबूस आणि आतून कच्चा. दुसरा आतून शिजला, पण खाली काळा. तिसऱ्याला शिवकन्या स्वतः स्टूल घेऊन बसली, दर दोन मिनिटांनी काडीनं गोळे उलटत राहिली. एकवीस गोळे असे उतरले की मी स्वतःच मोबाइलवर त्यांचा फोटो काढला! पिठीसाखर दुधात कालवून त्यात एकेक बुडवला. वाळल्यावर वर पांढुरकी साय धरली. ताट भरलं आणि नैवेद्य म्हणून देवघरात नेऊन ठेवलं. शेजारीच दोन पालथ्या वाट्या. दहा वाजता, कुणी नाही असं बघून, मी दोन्हींखाली पेढे सारले. काम फत्ते!

बाराला घर भरलं. शिवकन्या हिरव्या साडीत, अंगावर फुलांचे दागिने, पाटावर. पंचवीस बायका. समोर आमची शेजारीण पंचफुला. हिला कुठल्याही कार्यक्रमाला कुणी बोलावत नाही आणि हिच्याशिवाय कुठलाही कार्यक्रम सुरू होत नाही. तिनं देवघरातून वाट्यांचं तबक आणलं.

"हं शिवकन्ये, कुलदैवताचं नाव घे अन् उचल. घाबरायलीस कामून?"

शिवकन्येनं माझ्याकडे बघितलं. मी डोळ्यांनीच म्हटलं, उचल. सासूबाईही मान हलवत होत्या. आज त्याही विलक्षण शांत! गोपाळ दारात उभा, तोही मंद हसतोय. हे सगळं मी टिपलं. टिपलं, पण जोडलं नाही.

शिवकन्येनं डावी वाटी उचलली.

खाली डोनटचा गोळा!

पंचवीस बायका एकदम तबकावर वाकल्या. 

"हे काय बाई?" पंचफुला म्हणाली.

"गोल हाय म्हंजे पेढा," मागून एक आवाज. "पोरगा, पोरगा!"

"पांढरं हाय की. बर्फी धरा."

"बर्फी कधी गोल असती का?"

"दाबून बघा. फुगलंय. पेढा फुगत न्हाई."

"न पेढा, न बर्फी, म्हंजे जुळं!" पंचफुलानं निकाल दिला. "दुसरी उचला, खात्री करू!"

दुसरी उचलली. तिच्याखालीही गोळा.

"दोन जुळी!" कुणीतरी ओरडलं.

शिवकन्येचा चेहरा साखरेच्या लेपासारखा पांढरा पडला. एकाचं तूप मिळायची मारामार, चौघांचं कोण देणार! तिचे डोळे भरून आले. ते बघितलं आणि माझ्या तोंडून निघून गेलं :

"असं कसं होईल? दोन्हींखाली मी स्वतः पेढे ठेवले होते!"

बोलल्यावर कळलं काय बोलले ते. पंचवीस माना माझ्याकडे वळल्या.

"ते पेढे तुझे होते?" दारातून गोपाळ. "मला वाटलं आजीनं डाव साधला. मी ते काढून खाल्ले अन् दोन्हींत बर्फी ठेवली."

"तू? कशाला रे?"

"मला पोरगी पायजे म्हणून!" तो लाजला. "अन् आजीला दोन महिने आधी सवय लागंल म्हणून."

आता माना सासूबाईंकडे वळल्या. सासूबाई छताकडे बघत होत्या. छताला नवीन काही नव्हतं.

"आत्याबाई," मी विचारलं, "बर्फी कुठाय?"

त्यांनी कनवटीला हात घातला आणि चुरा झालेल्या दोन बर्फ्या तबकात ठेवल्या.

"देवाला दिवा लावायला गेलते," त्या म्हणाल्या. "सहज बघावं म्हणून एक वाटी उचलली, तर बर्फी. दुसरी उचलली, तर ती बी बर्फी! म्हनलं, माधवीनं माझ्यावर सूड उगवला. शेजारच्या ताटात पेढे दिसले, ते ठिवले."

"ते पेढे नव्हते, आत्याबाई."

"मला काय ठावं? पिकायचाय अजून ह्यो डोळा!"

पंचफुलाला आनंद आवरेना. "झुंबरआत्या, म्हंजे आजवरचे समदे निकाल तुमीच लावायलाव का?"

कोपऱ्यात बसलेली मनकर्णा सावकाश उभी राहिली. कमरेवर हात. सासूबाईंनी तिच्याकडे बघितलं, मग पंचफुलाकडे, आणि अतिशय गंभीरपणे म्हणाल्या, "देव काय सोता येऊन वाट्या मांडतो व्हय? कुनीतरी ठिवावंच लागतं की!"

 मनकर्णाकडे यावर बोलण्यासारखं पुष्कळ होतं, पण ते दोन महिन्यांचं होतं आणि जेवणाची पंगत खोळंबली होती.

एवढ्यात पंचफुला किंचाळली, "अगं, गोळे कुठं गेले?"

तबकात नुसत्या वाट्या! आम्ही कबुलीजबाब देत होतो तेवढ्यात शिवकन्येनं दोन्ही गोळे खाऊन टाकले होते. ओठाला साखर, गालावर पाणी, आणि तोंड अजून चालू.

"खाल्लंस?" सासूबाई ओरडल्या. "निकाल खाल्लास?"

"भूक लागलीती, आजी."

सासूबाई तिच्या तोंडाजवळ वाकल्या.  मला वाटलं, आता काही खरं नाही. मग त्यांनी विचारलं, "कसं लागतंय?"

"मऊ हाय. तुमाला देऊ?"

ताट फिरलं. सासूबाईंनी एक गोळा दातांच्या कवळीखाली धरला, चघळला, आणि पंचवीस बायकांसमोर जाहीर केलं, "ह्ये चांगलंय. अन् निकाल तर लागलाच न्हाई. लागंस्तवर तूप चालू ऱ्हाईल. हांड्याला कुनी हात लावू द्यायचा न्हाई हिला!" एवढं बोलून किल्ली कमरेची काढली आणि शिवकन्येच्या ओटीत टाकली. "उठून मागत बसू नगंस मला. तूच घेत जा."

मनकर्णा खाली बसली. पण जेवताना तिनं तीनदा तूप मागून घेतलं आणि तिन्ही वेळा सासूबाईंकडे बघत घेतलं.

संध्याकाळी सगळ्या गेल्या. अंगणात खाट टाकून शिवकन्या पाय लांब करून पडली होती. मी तिच्या केसांतली फुलं काढत बसले. मनातून खूश होते. योजना थोडी वाकडी गेली, पण पोरीला हवं ते मिळालं. या घरातली माणसं मी कशी बरोबर ओळखते, हे तिलाही कळलं असणार.

"आई, एक विचारू?"

"विचार की."

"ह्यांनी बर्फी ठेवली, कारण ह्यांना पोरगी पायजे. आजीनं पेढा ठेवला, कारण आजीला पोरगा पायजे."

"बरोबर."

"तुमी दोन्हींत पेढेच कामून ठेवले?"

"अगं, तुझ्या तुपासाठी! आजी खूश राहाव्यात म्हणून."

"हां," ती म्हणाली. तिनं कमरेची किल्ली नीट खोचली. "तेवढंच ना?"

आवाजात राग नव्हता, टोमणा नव्हता. चौथीतलं पोर बेरीज तपासून घ्यायला यावं, तसं विचारलं तिनं. मी फुलं काढत राहिले. उत्तर अगदी सोपं होतं. 'तेवढंच' एवढंच म्हणायचं होतं.

"थांब, दुधाकडं बघून येते, उतू जाईल," म्हणत मी उठले.

दूध मघाशीच तापवून, उतरवून, झाकून ठेवलेलं होतं. मी बराच वेळ त्याच्याकडे बघत उभी राहिले.