अप्पांच्या शेजारची जागा

सोलापुरात भवानी पेठेत राहायला आल्यावर बरेच दिवस मला अप्पांची फक्त पाठ माहीत होती. संध्याकाळी दुकान बंद केलं की हा गृहस्थ घराच्या पुढच्या खोलीत चादरींच्या दोन घड्या शेजारी शेजारी अंथरायचा आणि पांढऱ्याफेक भिंतीकडे तोंड करून बसायचा. भिंतीवर देव नाही, तसबीर नाही, साधा खिळासुद्धा नाही. दार मात्र सताड उघडं. कुणी काम घेऊन आलं तर पाठ बोलायची, "उद्या दुकानात या की."

अप्पांचं चादरींचं छोटं दुकान होतं. घरात कानडी, गिऱ्हाइकाशी मराठी. अक्कलकोटाकडच्या एका खेड्यातल्या म्हाताऱ्याने अप्पांना त्यांच्या तरुणपणी हे बसणं शिकवलं होतं. शिकवण काय, तर 'सुम्मने कूड्री'. कानडीत, गुमान बसा. आणि एक अट होती, एकट्याने बसायचं नाही. "एकट्याला मन फशिवतंय, मास्तर," अप्पा सांगायचे. "शेजारी मानूस असलं की लाजतंय." त्यांच्या शेजारी त्यांची बायको बसायची. ती वारली आणि दुसरी घडी रिकामी पडली. तेव्हापासून अप्पा दिसेल त्याला "बसाया येता का?" विचारू लागले.

मीही एकदा जाऊन बसलो. थोड्या वेळाने भिंतीकडे बघतच अप्पा म्हणाले, "मास्तर, तुमी उठा. तुमचं मन लई बडबडतंय, मला हितं ऐकू येतंय." मी पडलो शाळामास्तर, बडबडीवरच माझं पोट. गुपचूप उठलो.

मग आले नानासाहेब. पेठेतलं मोठं प्रस्थ. कुठलीही गोष्ट साधी राहिलेली या माणसाला खपत नसे. ते आपला गोतावळा घेऊन आले आणि आल्या आल्या त्यांनी विचारलं, "मंत्र कोणता?"

"मंतर कसला? सुम्मने कूड्री."

नानासाहेबांना कानडीचा गंध नव्हता. दुसऱ्या दिवसापासून मंडळी टाळ कुटत 'सुम्मने कूड्री, सुम्मने कूड्री' असा गजर करू लागली. 'गुमान बसा' असं घसा फोडून ओरडणारी माणसं मी जन्मात पहिल्यांदा पाहिली. अप्पांनी अर्थ सांगून पाहिला. नानासाहेब समजूतदारपणे हसले. "तो वरवरचा अर्थ झाला, अप्पा. आतला वेगळा आहे." मग तो आतला अर्थ दार लावून, फक्त पुढच्या ओळीतल्यांच्या कानात सांगितला जाऊ लागला. भिंतीला खिळा आला, खिळ्याला हार आला. खुद्द अप्पांना मागच्या ओळीत जागा मिळाली.

माझं डोकं फिरायचं. "हाकला की या टोळक्याला," मी म्हणायचो.

"ऱ्हाऊ द्या," अप्पा म्हणायचे. "वरडून वरडून येक तरी दमंल, आन मग गप बसंल."

तेवढ्यात आणीबाणी आली. बंद दार, न कळणारी भाषा आणि कानातली कुजबुज, एवढं चुगलीला पुरेसं होतं. कुणीतरी चौकीवर कळवलं आणि पवार नावाचा एक धट्टाकट्टा माणूस येऊन मागच्या ओळीत बसू लागला. म्हणे सुताचा दलाल. अप्पांनी सहज विचारलं, "कितव्या नंबरचं सूत?" तो म्हणाला, "सगळ्याच." असा दलाल अख्ख्या सोलापुरात सापडला नसता. साध्या वेशातला पोलीस, हे सगळ्यांना तिथेच कळलं.

नानासाहेबांनी एका दिवसात गाशा गुंडाळला. त्यांना शेवटी गप्प बसणं जमलं, पण ते भीतीने. वर ते सांगत फिरले, अप्पाचं काहीतरी काळंबेरं होतं, आम्ही वेळीच बाहेर पडलो. पेठेने त्यांच्यावर विश्वास ठेवला. अप्पांच्या दुकानाची पायरी चढायलाही लोक कचरू लागले.

पवार मात्र येत राहिला. त्याला हुकूमच होता, बसा आणि ऐका. ऐकण्यासारखं काही उरलं नव्हतं, म्हणून तो नुसता बसायचा. अप्पांनी खिळा उपटला, भिंतीला नवा चुना दिला आणि पवारला बायकोच्या घडीवर बसवलं.

"अहो, पोलीस आहे तो," मी म्हणालो.

"व्हय की. पर लई चांगला बसतोय. जरा सुदिक हलत न्हाय."

अप्पा खूश होते. मला हसू येत होतं आणि संतापही. त्यांचं म्हणणं जसंच्या तसं पाळणारा सगळ्या पेठेत हा एकच निघाला, आणि तोही सरकारी पगारावर.

आणीबाणी उठली आणि पवारची बदली झाली. जाताना तो सांगूनही गेला नाही. अप्पांनी बरेच दिवस वाट पाहिली. शेवटी एका सकाळी धुतलेलं धोतर नेसून, मला सोबत घेऊन ते चौकीवर गेले.

"पवारसाहेब न्हाईत, तर दुसरं कोन तरी धाडा," ते हवालदाराला म्हणाले.

"कशाला?"

"बसाया."

हवालदार हसायला लागला. "अप्पा, आता तुमच्यावर कसलाबी संशय ऱ्हायला न्हाय. जावा, खुशाल ऱ्हावा."

अप्पा तिथेच घुटमळले. मग हात जोडून म्हणाले, "थोडा ऱ्हाऊ द्या की, साहेब."

चौकीत हशा पिकला. मला कुणाच्या तरी थोबाडीत मारावीशी वाटली, पण कुणाच्या ते ठरेना.

संध्याकाळी राहवेना म्हणून मी त्यांच्याकडे गेलो. दोन्ही घड्या अंथरलेल्या होत्या. पण आज अप्पा भिंतीकडे पाठ करून, दाराकडे तोंड करून बसले होते. पावलं ऐकून ते घाईघाईने अर्धे उठले.

"मास्तर व्हय," म्हणाले, आणि पुन्हा खाली बसले.

मी उंबऱ्यापाशीच थांबलो. अप्पांनी शेजारची घडी हाताने झटकली.

"या, बसा," ते म्हणाले. "बडबडलं तरी चालंल."