जखमा हुंगणारे तुकोजीअण्णा

तुकोजीअण्णा परक्यांच्या जखमा हुंगत. घराणं पिढ्यान्‌पिढ्या बेंगळुरातलं, चिकपेटेत उदबत्तीचा कारखाना. संध्याकाळी तो बंद करून ते इस्पितळात येत आणि हर्नियाचं ऑपरेशन झालेल्या प्रत्येकाच्या पट्टीजवळ नाक नेत. "सरी," म्हणजे कानडीत ठीक, असं म्हणाले की रोगी सुटला. न बोलता पुढे सरकले, तर त्या जखमेत पू होई.

नेहमी नाही. पण वॉर्डाला तेवढं पुरे होतं. त्यांची पावलं वाजत नसत. आधी चंदनाचा वास येई, मग ते. वास आला की धडधाकट माणसंही डोक्यावर चादर ओढून घेत.

सर्जन वैतागत. "तुकोजीराव, पुवाच्या आधी तुम्ही हजर!"

"आणि तुमची पेनिसिलिनची सुई पुवाच्या मागून. चाकूच्या आधी का देत नाही, डॉक्टर?"

"स्वच्छ ऑपरेशनला आधी सुई कशाला?"

एकोणीसशे साठच्या आसपास माझं हर्नियाचं ऑपरेशन झालं. अण्णा माझ्या खाटेशी आले आणि थांबले. वाकले नाहीत. पापणी न हलवता बराच वेळ उभे राहिले आणि काही न बोलता निघून गेले. शेजारच्या सुब्बण्णांनी मला दिलेली मोसंबी हळूच परत घेतली.

सकाळी पट्टी काढली. जखम कोरडी, स्वच्छ.

संध्याकाळी मी विचारलं, "अण्णा, काल 'सरी' म्हणाला नाहीत?"

"काल हुंगलंच नाही बा. तोंड बघत होतो तुझं. आमचा माधोजी अस्साच होता."

माधोजी त्यांचा धाकटा भाऊ. याच वॉर्डात, याच ऑपरेशननंतर जखम चिघळून गेला. पेनिसिलिन तेव्हा यायचं होतं. पुढे अण्णांनाही हर्निया झाला. तो त्यांनी कातडी पट्ट्याखाली वर्षानुवर्षं दाबून ठेवला. ऑपरेशनची छाती होत नव्हती, म्हणून इतरांचं काय होतं ते बघायला येत.

मी बरा होऊन कामावर गेलो. काही महिन्यांनी अण्णांची गाठ आत जाईनाशी झाली. आता थांबलात तर आतडं अडकेल, असं सर्जननी बजावलं. अण्णांची अट एकच होती, सुई आधी.

"देतो," सर्जन म्हणाले. "तुमच्या मनासाठी."

त्या सकाळी मी कचेरीच्या वाटेवर इस्पितळात डोकावलो. सुई देऊन झाली होती. थिएटरच्या दाराशी अण्णा चपला काढून उभे होते. पुढे पाऊल पडत नव्हतं.

सिस्टरनं विचारलं, "घरचं कोण आहे सोबत?"

घरी कुणीच नव्हतं. अण्णांनी माझ्याकडे बोट केलं.

"हा आहे की. माझा तम्म."

तम्म म्हणजे कानडीत धाकटा भाऊ. सिस्टर माझ्याकडे बघू लागली.

"हो," मी म्हणालो, आणि त्यांच्या चपला उचलून हातात घेतल्या. अण्णा आत गेले.