चौथं विमान

आमच्या गावाने ज्वारीवरची पाखरं हाकायला लढाऊ विमान घ्यायचं ठरवलं आणि रडारच्या चाचणीसाठी मला रानात उभं केलं, कारण मी सहसा कुणाला दिसत नाही.

त्याच दिवशी पद्मिनीच्या घरचे मला दुसऱ्यांदा बघायला येणार होते. पहिल्या वेळी मी समोरच बसलो होतो. तिची मावशी माझ्या मांडीवर पिशवी ठेवून चहा प्याली, आणि मुलगा घरी नाही म्हणून सगळे उठले. पद्मिनी मला आवडली होती. आताही दिसलो नाही, तर ते दुसरं स्थळ बघणार होते.

म्हणून मी लाल टॉवेल हलवत येरझाऱ्या घालत होतो.

"बिभीषण, हाईस का रं?" सरपंच औदुंबरतात्या भलतीकडे बघून ओरडले.

"हाय की, तात्या."

चाचणीला आलेली तिन्ही विमानं युरोपातली. ग्रिपेन एका इंजिनाचं, ते गावच्या डांबरी रस्त्यावरच उतरलं. टायफून सरळ वर चढलं. राफाल जवळजवळ स्वतःच्या वजनाइतकं ओझं उचलत होतं.

"पूर्ण लपणारं यातलं एकही नाही," विक्रीला आलेले साहेब प्रामाणिकपणे म्हणाले. "रडारवर लहान दिसतात, इतकंच."

विमानांतली रडारची यंत्रं उत्तम होती. त्यांनी तात्यांना पकडलं, बांधावरचं कुत्रं पकडलं. मी तेवढा सापडलो नाही.

"लपण्यात पहिला नंबर बिभीषणचा," तात्यांनी जाहीर केलं.

पद्मिनीचे वडील तिला आणि मावशीला घेऊन नुकतेच रानात पोचले होते. "हे चौथं कुठल्या देशाचं?"

"इथलंच. गणपाचं पोरगं."

"वेग?"

"सायकलवर बरा हाय."

"इंधन?"

"दोन भाकरी."

"आवाज?"

"न्हाईच."

"अवो दाजी, पण पोरगा बघायचा कसा?" मावशी म्हणाली.

"शालन, साहेबाची एवढी यंत्रं हरली, तिथं तुझा चष्मा काय करणार? स्थळ पक्कं."

माझा जीव तरीही थाऱ्यावर नव्हता. पद्मिनीला कुणी विचारलंच नव्हतं. मी तिच्याजवळ गेलो.

"तुम्हाला चालेल का?"

ती दचकली. मग आवाजाच्या दिशेने किंचित सरकली. "चालेल. पण जरा मोठ्यानं बोलत जा."

लग्नात अंतरपाट दूर झाला. तिने हार समोर धरला आणि अंदाज घेत तशीच उभी राहिली. मी घाईने मान पुढे घातली. हार हवेत थांबलेला बघून वाजंत्री सुरू झाली.