सगळे तास तळमजल्यावर

माती जड असते.

डोकं उडवलेलं झुरळ आठवडाभर जगू शकतं.

मडकी भाजायची भट्टी पेटली की शेजारच्या खोलीत बसवत नाही.

जुन्या लिप्या शिकवणाऱ्या सरांचे दोन्ही गुडघे कामातून गेले आहेत.

माझे बाबा लिफ्ट दुरुस्त करतात.

या गोष्टींचा एकमेकींशी काडीचाही संबंध नाही, असं तुम्हाला वाटेल. कॉलेजातल्या लोकांनाही तसंच वाटावं अशी माझी फार इच्छा होती. कारण याच गोष्टींवर मी माझ्या पहिल्या सत्राचं वेळापत्रक उभं केलं होतं, आणि इतकं बिनतोड वेळापत्रक त्या कॉलेजात आजवर कुणी केलं नसेल!

इमारत अकरा मजली. विषय आपले आपण निवडायचे. इतर मुलं आवड बघत होती, भवितव्य बघत होती, कोण कुणाशेजारी बसणार ते बघत होती. मी खोल्यांचे क्रमांक बघत होते. माती वर चढवणार कोण, म्हणून मृदाशास्त्र तळमजल्यावर. झुरळांच्या पेट्या जिन्यात सांडल्या तर काय घ्या, म्हणून कीटकशास्त्र तळमजल्यावर. भट्टीमुळे कुंभारकाम, गुडघ्यांमुळे जुन्या लिप्या. चारही विषय जमिनीला घट्ट चिकटलेले.

मला लिफ्टची भीती वाटते. थोडीथोडकी नाही. दार लागताना 'टिंग' होतं ना, तसा आवाज कुणाच्या फोनमध्ये वाजला तरी माझे तळहात ओले होतात.

याला बाबाच जबाबदार. रोज जेवताना ते कामावरच्या गोष्टी सांगत. एकदा एक माणूस असा अडकला. एकदा दोर असा करकरला. एकदा आम्ही वरून वाकून बघतो तर खाली काळामिट्ट अंधार... इथवर आलं की मी अभ्यास आहे म्हणून ताट उचलायची. एकाही गोष्टीचा शेवट मी ऐकलेला नाही. बाबांना वाटायचं, पोरगी अभ्यासू आहे.

आणि त्यांना सांगणार कसं? शेजारीपाजारी, नात्यात, कामावर, जिथे जातील तिथे ते छाती फुगवून सांगत की आमची पोर लिफ्टच्या घरघरीत वाढलीय. पोहायला शिकवणाऱ्याची मुलगी बादलीला घाबरावी, तशी माझी गत! आईला ठाऊक होतं. ती माझ्याबरोबर निमूट जिने चढायची आणि घरी येऊन पायांना तेल चोळत बसायची. बाबांना कळलं तर त्यांचा चेहरा कसा होईल, हे मी रोज मनात बघत असे, आणि ते लिफ्टपेक्षाही भयंकर होतं.

तळ

वेळापत्रकावर सल्लागाराची सही लागते. आमचा सल्लागार बारीक, नाक सतत वाहणारा. त्याच्या हातात सगळं होतं. त्याला पटलं नाही तर तो तुम्हाला कॉलेजने ठरवलेले चार विषय चिकटवतो. ते चारही नवव्या मजल्यावर होतात.

त्याने माझे विषय वाचले. मग पुन्हा वाचले. मग चष्मा काढला.

"माती, किडे, मडकी आणि मेलेल्या लिप्या," तो म्हणाला. "हे तुला कुणी सुचवलं?"

"कुणीच नाही."

त्याचे डोळे पाणावले. मला वाटलं, सर्दी. पण तो भारावला होता. वर्षानुवर्षं मुलं सोपे विषय मागायला येतात, तो सांगू लागला, आणि हे चार एकत्र कुणाला लागतात? गाडलेली शहरं उकरून काढणाऱ्यांना! ही मुलगी पहिल्याच सत्रात, स्वतःच्या डोक्याने, तिथवर पोचली!

खरं सांगायची वेळ तीच होती. पण नववा मजला डोळ्यांसमोर तरळला आणि माझ्या तोंडून निघालं, "मला जमिनीच्या जवळ राहायला आवडतं." यातला एक शब्दही खोटा नाही!

त्याने तिथल्या तिथे फोन फिरवला. उत्खनन विभागाच्या प्रमुखबाईंचा निरोप आला: मृदाशास्त्राच्या उरलेल्या जागा त्यांच्या अखत्यारीत आहेत, मुलीला डोळ्यांनी बघितल्याशिवाय त्या सही करणार नाहीत, आत्ताच्या आत्ता पाठवा.

"कुठे?" मी विचारलं.

"वर. अगदी वर."

अकरा

जिन्याने गेले, हे सांगायला नकोच. पोचले तेव्हा मी टोमॅटोसारखी लाल होते आणि भात्यासारखी वाजत होते. बाई ठेंगण्या, केस कापसासारखे, आवाज मात्र शाळेच्या घंटेसारखा. लिफ्ट चालू असताना जिन्याने का, असं त्यांनी विचारलं. मला बोलता येईना, म्हणून उत्तरही त्यांनीच दिलं: पायांची तयारी! उन्हातान्हात खणायचं तर पाय हवेत! इतकी वर्षं त्यांना अशीच मुलगी हवी होती म्हणे.

सही करायला त्यांनी पेन उघडलं. मी श्वास रोखला. त्यांनी पेन बंद केलं.

आधी मातीची प्रयोगशाळा दाखवते, म्हणाल्या, मग तिथेच सही करू. माझं कोपर धरून त्या निघाल्या ते थेट त्या दाराशी. मी जिन्याकडे बोट केलं. वेड लागलंय का, म्हणून त्या हसल्या.

टिंग.

मी मनात हिशेब मांडला. एक खेप खाली, की अख्खं सत्र नवव्या मजल्यावर? पाय उचलला. तो माझा नव्हताच, कुणीतरी उसना दिल्यासारखा होता.

आठ आणि सात यांच्या मध्ये

मी कोपऱ्यात घुसले. भिंतीवर पालीसारखी पाठ चिकटवली आणि डोळे मिटले. पोटातलं सगळं वर आलं, म्हणजे आपण खाली चाललोय, एवढं कळलं.

धक्का. मग काहीच नाही.

बाईंनी घंटा दाबली. खालून पहारेकरी ओरडला की घाबरू नका, माणूस येतोय. बाबा नेहमी म्हणत, अडकलेल्यांना वाटतं आम्ही पंख लावून यावं, पण पोचायला वेळ हा लागतोच. मला रडू फुटलं.

बाई शांत होत्या. बोल काहीतरी, म्हणाल्या, बोललं की भीती जाते. लिफ्टमध्ये बसून मला सुचणार काय? मी सुरू केलं, की एकदा एक माणूस असाच दोन मजल्यांच्या मध्ये अडकला, खूप वेळ गेला, दोर करकरू लागला, हाका मारल्या तर आतून ओ येईना...

"मग?" बाईंनी विचारलं.

"माहीत नाही."

"माहीत नाही म्हणजे?"

"मी नेहमी इथवरच ऐकते."

मी दुसरी काढली: एकदा लिफ्टमधले दिवे गेले, आत गच्च माणसं, आणि एकाएकी आतून विचित्र आवाज यायला लागले...

"मग?"

"माहीत नाही."

बाई हळूच खाली बसल्या. माझा हात त्यांनी इतका आवळला की बोटं पांढरी पडली. "आणखी एखादी आठवत असेल," त्या घंटेऐवजी चमच्याच्या आवाजात म्हणाल्या, "तर नको सांगूस."

तेवढ्यात बाहेर हत्यारांची पिशवी आदळली. तो आवाज मी ओळखते. दार जरासं फाकलं आणि फटीतून विजेरीचा उजेड आत आला.

"पहिला माणूस झोपला होता," बाबांचा आवाज म्हणाला. "उठवलं तर आमच्यावरच चिडला."

"आणि दुसरी?" बाईंनी फटीकडे तोंड करून विचारलं. "ते विचित्र आवाज?"

"गाणी म्हणत होते. सगळे बेसूर."

म्हणजे त्यांनी सगळं ऐकलं होतं. जो चेहरा मी इतकी वर्षं मनात बघत होते तो फटीपलीकडे होता, आणि विजेरीच्या झोतामुळे मला दिसतच नव्हता. आता लपवायला उरलं काय?

"बाबा," मी म्हणाले, "मला लिफ्टची भीती वाटते."

विजेरीचा झोत माझ्या तोंडावरून सरकला आणि माझ्यामागच्या भिंतीवर थांबला.

"बरं," ते म्हणाले. "आता मी दार लावून घेतो. तू पुढे सरक, आणि पाठीने जे लिफ्ट थांबवायचं लाल बटण दाबून धरलंयस ना, ते बाहेर ओढ."

मी ओढलं. लिफ्ट निघाली, गरीब गाईसारखी.

तळ

बाईंनी प्रयोगशाळेपर्यंत जायचा धीर केला नाही. लिफ्टच्या दाराशीच, भिंतीला टेकून सही केली. मृदाशास्त्र माझं झालं. चारही विषय माझे झाले. मग त्यांनी माझ्या खांद्यावर थोपटलं आणि सांगितलं की दुसऱ्या सत्रापासून त्यांच्या विभागाचे सगळे तास अकराव्या मजल्यावर असतात, चार वर्षं, आणि तुला काय, तुला तर जिना आवडतोच.

बाबा जिन्याने उतरून आले. हात पुसत होते. इतक्या पटकन कसे आलात, मी विचारलं. इथूनच एका कामाला चाललो होतो, म्हणाले, आणि पिशवी खांद्याला लावून फाटकाकडे चालू लागले.

पहारेकरी म्हणाला, हे तर सकाळपासून फाटकाशीच बसून होते. त्या दिवशी बाबांची रजा होती.